बोलतं बीड

जासई, ता. उरण
बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६

प्रिय किसन,

जय भीम. तू पलीकडून सलाम म्हणालास असं धरून पुढे लिहितो. अकरा वर्षं रोज सकाळी शेडचं शटर वर करताना आपला हाच क्रम होता.

आमच्याकडे सगळे बरे आहेत. खदीजाचे गुडघे थंडीत कुरकुरतात, बाकी ती ठणठणीत आहे आणि माझ्यावर ओरडण्यात तिने काही कमी केलेलं नाही. पोरीचं, सिदराचंही ठीक चाललंय. यापुढे 'तिकडील खुशाली कळव' असं लिहायची शाळेपासूनची सवय आहे. पण ज्या घरातून दुर्गावहिनी गेल्या, त्या घराला खुशाली कशी विचारायची हे मला कुणी शिकवलेलं नाही.

पुण्यानुमोदनाचं कार्ड मिळालं. वहिनी गेल्याचं तुझ्या अक्षताने सिदराला आधीच कळवलं होतं, तरी पाकीट हातात घेताना क्षणभर वाटलं की कुणाच्या लग्नाचं आहे. वर वहिनींचा फोटो, खाली पंचवीस जानेवारी आणि विहाराचा पत्ता. उलटं केलं तर मागे तुझ्या पेनाने लिहिलेले दोन शब्द. 'भाय, ये.' दोन वर्षांत तू मला काही कळवलंस ते एवढंच. कार्ड मी खिशातल्या पाकिटात ठेवलंय.

मी आलो नाही. तू वाट पाहिली असशील. त्या दिवशी आमच्या नाक्यावर ट्रेलर आडवा झाला होता, दोन्ही बाजू बंद. शिवाय मला ताप होता. शिवाय पनवेलला एसटी वेळेवर लागली नाही. कुणी तीन कारणं एकदम दिली की तू काय म्हणायचास ते मला आठवतंय. "एकच दे, पण खरं दे." ते पुढे देतो. आधी शेडच्या बातम्या सांगतो.

शेड मार्चअखेर खाली करायची आहे. जागेच्या मालकाला तिथे कंटेनर ठेवायचे आहेत. आजूबाजूला सगळीकडे तेच आहेत, आपलाच एक तुकडा मध्ये राहिला होता, त्याचंही त्याला वाईट वाटत असणार. शिलाई मशीनचे सोळा सांगाडे अजून पडून आहेत, बारा उभे आणि चार सुटे. गंज चढलाय. मी मधूनच एखादा घेतो, तारेचा ब्रश मारतो, नक्षीतली माती निघाली की परत ठेवून देतो. या सांगाड्यांवर कंटेनरच्या तळातल्या फळ्या टाकून टेबल करायची तुझी युक्ती होती, त्या फळ्याही आता मिळत नाहीत. सिदरा म्हणते, ऐरोलीच्या फ्लॅटवाल्यांना आता नवेच पाय पाहिजेत, फक्त जुन्यासारखे दिसणारे. कुठून तरी हलके येतात. नक्षी तीच, वजन निम्मं. परवा एक जण शेडमध्ये आला, आपला एक सांगाडा हलवून बघितला आणि सिदराला म्हणाला, हे एवढे जड का असतात. ती काय बोलली माहीत नाही. तो गेला.

विमानतळ सुरू झाला. विमानं अगदी शेडवरून जातात. आलेला प्रत्येक माणूस विचारतो, चाचा, आवाजाचा त्रास होत नाही का. मी म्हणतो, अजिबात नाही. लोकांना वाटतं म्हातारा मोठा सोशिक आहे.

हे सगळं तुला कशाला सांगतोय? लिहायला बसलो की हात आपोआप या गोष्टींकडे वळतो. तुला तो पनवेलचा दिवस आठवतो का? टेलरचं दुकान बंद झालेलं, भंगारवाल्याने सहा मशीनचे ओतीव बिडाचे पाय फुटपाथवर मांडलेले आणि त्याचा माणूस घण घेऊन ते फोडायला उभा. टेम्पोत मावत नाहीत म्हणून. मी तेव्हा बंदरातल्या दुरुस्तीच्या कामावर फिटर होतो, रस्त्याने सहज चाललो होतो. आणि तू, मला तेव्हा अनोळखी, त्या घणाच्या खाली जाऊन उभा राहिलास. म्हणालास, "थांब रे. हे वितळलेलं बघितलंय मी, फुटलेलं बघवत नाय." वीस वर्षं फाउंड्रीत साचे भरलेला माणूस, फाउंड्री बंद पडून चार महिने झालेले, आणि दुसऱ्याच्या भंगारासाठी भांडतोय. मला वाटलं, हा एक तर वेडा आहे नाही तर कामाचा आहे. तू दोन्ही निघालास.

मग आपली वाटणी ठरली. हात तुझा, कान माझा. तुटलेलं बीड साध्या वेल्डिंगने जोडलं तर बाजूला दुसरीकडे तडकतं, हे मला तुझ्याकडून कळलं. तू कोळशावर तापवायचास, सुहाग्याची पूड टाकून पितळेचा जोड द्यायचास आणि राखेत पुरून ठेवायचास, हळूहळू गार व्हायला. दुसऱ्या दिवशी काढलास की मला हाक मारायचास. "भाय, लाव कान." मी सांगाडा दोरीला टांगायचो आणि छोट्या हातोडीने एक टोला. अख्खं बीड घंटेसारखं घुमतं. आत कुठे केसाइतकी चीर असली की बद्द वाजतं, फुटक्या मडक्यासारखं. रंगाखाली लपलेली चीर डोळ्याला दिसत नाही, पण कानाला लपत नाही. चांगलं वाजलं की मी म्हणायचो, "बोलतंय." तेवढं म्हटलं की तू त्यावर रंग चढवायचास. दुसऱ्यांदा विचारलं नाहीस कधी.

आज एवढंच. खदीजा चहा घेऊन आली आहे.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

परवा खदीजाने चहा ठेवताना काहीतरी विचारलं. बहुतेक कुणाला लिहिताय, असं. मी मान हलवली. ती रागावून गेली, म्हणजे प्रश्न वेगळा होता.

दहा दिवसांपूर्वी आमची शबे-बरात झाली. तेव्हा लोक एकमेकांची माफी मागतात, तुला माहीत आहे. आता ती फोनवर मागतात, एकच मजकूर सगळ्यांना. मला चाळीस जणांनी पाठवला, त्यातल्या एकानेही माझं कधी काही वाकडं केलेलं नाही. दोघांना तर मी ओळखतही नाही. मीही तो सगळ्यांना पुढे पाठवला. तुझं नाव आलं तिथे बोट थांबलं, आणि तुला सोडून पुढे गेलो. तुझी माफी अशी मागता येणार नाही एवढं तेव्हाही कळत होतं. आता रमजान आठवड्यावर आलाय. त्याच्या आधी हे पत्र निघायला पाहिजे.

तर पंचवीस जानेवारी. ट्रेलर आडवा नव्हता आणि ताप नव्हता. मी आलो होतो, किसन. पांढरा सदरा घालून, पहाटेची एसटी धरून, महाडच्या पुढे तुमच्या फाट्यापर्यंत आलो. फाट्यावरच्या टपरीत बसलो. तुमच्या गावची माणसं पांढऱ्या कपड्यांत चढण चढून विहाराकडे चालली होती. एका बाईच्या हातात हार होता. विजेच्या खांबावर भोंगा बांधलेला होता, त्याचं तोंड बरोबर टपरीकडे. टपरीवाल्याने भोंग्याकडे बघून हात जोडले, शेजारचा माणूसही बिडी टाकून उभा राहिला. वंदना सुरू झाली असणार. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. भोंगा माझ्यापासून वीस पावलांवर होता.

मला ऐकू येत नाही, किसन. कमी येतं असं नाही, येतच नाही. समोर कुणी ओरडून बोललं तर घमेल्यात खडी टाकल्यासारखं काहीतरी कळतं, शब्द लागत नाहीत. सहा महिने कानाला मशीन लावून बघितलं. त्यात पंखा ऐकू येतो, माणूस येत नाही. डॉक्टर म्हणतो नस गेली, ती परत येत नाही.

मी टपरीत उभा राहून विचार केला. वर गेलो तर तू येशील, हात धरशील, काहीतरी बोलशील. मला ते समजणार नाही आणि तुला लगेच कळेल. आणि ते कळलं की बाकीचं कळायला तुला किती वेळ लागला असता? तू फाउंड्रीतला माणूस, ओतलेल्या वस्तूत हवा कुठे राहिली ते बाहेरून सांगतोस. मी संध्याकाळची वाटही बघितली नाही, दुपारच्याच एसटीने परत फिरलो. वहिनींना फूल वाहिलं नाही. भ्यायलो, दुसरं काही नाही.

आता बाकीचं सांगतो. उद्या लिहीन असं म्हणणार होतो, पण उद्या मी पुन्हा विमानांबद्दल लिहीन.

माझा कान अपघाताच्या आधीच गेला होता. तीस वर्षं बंदरात हातोड्यांच्या आवाजात, मग आपल्या ग्राइंडरखाली. तू कानात कापूस घालायचास आणि मी तुला नवरी म्हणून चिडवायचो. वाशीला एका डॉक्टरकडे मी गपचूप जाऊन आलो होतो, अपघाताच्या सात महिने आधी. त्याने बंद खोलीत बसवून कानाला टोप चढवला आणि हातात बटण दिलं, आवाज आला की दाब म्हणून. मी दाबत राहिलो. अंदाजाने, कधी लवकर, कधी जरा थांबून, म्हणजे खरं वाटावं. थोड्या वेळाने तो आत आला आणि कागदावर लिहून दाखवलं, 'काका, मी अजून सुरूच केलेलं नाही.'

मी कुणालाही सांगितलं नाही. घरीसुद्धा सगळ्यांना वाटायचं, वयाने जरा कमी येतं. शेडमध्ये मी तुझ्या आणि वहिनींच्या तोंडाकडे बघून भागवायचो. वहिनींचं कळायचं. तुझ्या मिशा जाड, ओठ दिसत नाहीत, म्हणून तुझ्यापुढे मी बहुतेक मान हलवायचो. अकरा वर्षांत तू माझ्याकडे हो मागण्यासारखंच बोलायचास, त्यामुळे निभावलं. आणि बिडाचं म्हणशील तर मी टोला मारून लगेच तळवा टेकायचो. चांगलं असेल तर हाताला झिणझिण्या येतात. लहान सांगाड्यांना ते चाललं. सात महिने मी हाताने ऐकत होतो आणि तोंडाने 'बोलतंय' म्हणत होतो.

तुला का नाही सांगितलं? कारण हात तुझा, कान माझा. कान गेला तर त्या शेडमध्ये माझं काय काम उरतं? तू मला काढलं नसतंस, ते मला माहीत आहे. तू म्हणाला असतास, भाय, तू नुसता बस. ते बसणं मला नको होतं.

रविवार, १५ फेब्रुवारी

परवा सतरा तारखेला दोन वर्षं होतील. तो दिवस तुला माझ्याहून चांगला माहीत आहे असं तुला वाटतं. तसं नाही, म्हणून लिहितो.

ऐरोलीच्या कॅफेचं मोठं टेबल, दोन सांगाड्यांवर एक संगमरवरी लादी. डावा सांगाडा तू आदल्या दिवशी जोडला होतास, मागच्या पायाला, वरच्या बाजूला. सकाळी राखेतून काढलास, मला खूण केलीस आणि पलीकडे दुसऱ्या कामाला गॅसचा टॉर्च पेटवलास. कॉम्प्रेसर चालू होता. मी सांगाडा टांगला. वहिनी तिथेच जमिनीवर बसून दुसऱ्या सांगाड्याचं पायडल तेलाने पुसत होत्या. मी टोला मारला. तळवा टेकला. सांगाडा मोठा, चाकासकट, हाताला काय आलं ते मला नीट कळलं नाही. पुन्हा मारला. तेवढ्यात वहिनींनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. पुसायचं थांबवून बघितलं. बाजारात आयुष्यभर मडकी वाजवून घेतलेली बाई, आणि माझ्यापेक्षा त्या सांगाड्याच्या जवळ.

मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, "बोलतंय."

त्या पुन्हा पुसायला लागल्या. त्यांनी ऐकलं होतं, किसन. बद्द वाजलेलं त्यांनी ऐकलं होतं आणि माझ्या शब्दावर स्वतःचा कान खोटा ठरवला. मी त्यांच्या नजरेवर विश्वास ठेवून तिसरा टोला तुला मारायला सांगितला असता तर आज हे पत्र नसतं.

दुपारी चौघांनी लादी ठेवली आणि डावा सांगाडा मोडला. पुढचं तुझ्यासमोर झालं. तू वहिनींचं डोकं मांडीवर घेऊन बसला होतास, त्यांचा पाय दगडाखाली. तू वर बघून मला काहीतरी विचारलंस. तुझे ओठ मला दिसले नाहीत. मला वाटलं, गाडी बोलावली का, असं विचारतोयस. कुंदन टेम्पोवाला गाडी आणायला पळालाच होता. मी मान हलवली. तू खाली बघितलंस.

दुसऱ्या दिवशी सिदरा माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाली, "अब्बा, चाचा सगळ्यांना सांगतायत, माझाच जोड गेला, भायनेपन हो म्हटलं." तेव्हा मला कळलं तू काय विचारलं होतंस.

ती पहिली मान नकळत हलली होती. तेवढ्यावर थांबलं असतं तर मी त्याच दिवशी तुझ्याकडे धावत आलो असतो असं म्हणायला मला आवडलं असतं. पण आदल्या संध्याकाळीच मी तो तुटलेला पाय उचलून बघितला होता. तुझा जोड जसाच्या तसा. तुटला होता तो चार बोटं खाली, जुन्या चिरेत. आणि हे बघूनही चार दिवसांनी तू मला तुकडा मागितलास, बघायचाय म्हणालास, तेव्हा मी म्हटलं भंगारवाला घेऊन गेला. त्या वेळी तू काय मागतोयस ते मला नीट कळलं होतं. तू बोटाने लांबी दाखवली होतीस.

तुकडा माझ्या घरी खाटेखाली होता. गोणपाटात. दोन वर्षं खदीजा झाडू मारताना तो सरकवायची आणि विचारायची हे काय. मी सांगायचो, बंदरातलं आहे.

आता हॉस्पिटलचं. पाय कापल्यावर तिसऱ्या दिवशी मी आणि सिदरा आलो. तू औषधं आणायला खाली गेला होतास. वहिनी पडून होत्या, तोंडावरून त्यांनी पदर घेतलेला, फक्त डोळे दिसत होते. त्या माझ्याकडे बघून बोलायला लागल्या. बराच वेळ बोलल्या. मला एक शब्द कळला नाही. पदर बाजूला करा म्हणायची मला लाज वाटली. त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या, तेव्हा मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले. चेहरा शांत झाला. मला वाटलं, देवाचं काही बोलल्या असतील, किंवा मुलीकडे लक्ष ठेवा म्हणाल्या असतील. मग तू त्यांना गावी घेऊन गेलास.

त्या काय बोलल्या हे मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं.

फाट्यावरून परत आलो त्या संध्याकाळी मी घरात सगळं सांगितलं, तुकडा बाहेर काढून दाखवला. खदीजा उठून आत गेली. सिदरा माझ्याकडे बघत राहिली. मग तिने ऑर्डरच्या चिठ्ठीची पाठ घेतली आणि लिहिलं, 'मग तुम्ही तेव्हा मान का हलवलीत?' मी विचारलं, केव्हा. तिने लिहून दिलं. ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. तिला वाटलं काहीतरी घरगुती आहे, मोठ्यांचं आहे, आणि अब्बांनी हो म्हटलंय म्हणजे झालं असणार. ती चिठ्ठी तशीच पुढे उतरवतो. वहिनींचे शब्द आहेत, मी त्यांना हात लावत नाही.

'भाऊजी, ह्यांना तुमीच सांगा. मी सांगितलं तर ह्यांना वाटंल मी समजूत काढतेय. बायकोच्या तोंडचं ह्यांना पटायचं नाय. तुमचं पटंल. तुमी सांगणार ना? मग मी गप ऱ्हाते. तुमच्या कानाचं मी कुणाला बोलनार नाय, तेवढं तुमीच बोला.'

आणि मी मान हलवली.

दोन वर्षं त्या गप्प राहिल्या, कारण दोष तुझ्या जोडाचा नाही हे तुला मीच सांगेन, असा शब्द मी दिला होता. अक्षता सिदराला सांगत होती, आई अंथरुणात पडून रोज विचारायची, जासईवरनं काय आलं का. तुम्हाला सगळ्यांना वाटायचं, भाऊजींना भेटायची ओढ आहे. शेवटी मूत्रपिंडाचा त्रास वाढला तेव्हाही विचारलं म्हणे. काही आलं नव्हतं. त्यांच्या मनात मी काय म्हणून राहिलो असेन याचा विचार करतो आणि मला जेवण जात नाही.

हेही कळलं की तू टॉर्च हातात घेत नाहीस. महाडचा एक जण फुटलेला पंप घेऊन आला होता, तू हात जोडलेस आणि म्हणालास, माझ्या जोडाने घरातलं माणूस अधू केलं, दुसरीकडे जा. किसन, तो जोड तुझ्या आयुष्यातला बहुधा सगळ्यात चांगला जोड आहे. चार माणसांनी उचललेला दगड त्याच्यावर आदळला, खालचं बीड गेलं, तो गेला नाही.

पत्रासोबत तुकडा पाठवतोय, त्याच गोणपाटात, दोरी बांधून. जड आहे, काल कुरिअरवाल्याकडे वजन करून आणलं तेव्हा त्याने दोनदा विचारलं आत काय आहे. उजेडात धर. वर पितळेची पिवळी रेघ आहे, तिच्यावरून नख फिरव, कुठे अडकत नाही. मग खाली तुटलेल्या तोंडाकडे बघ. अर्धा भाग साखरेच्या दाण्यासारखा चमकायचा, त्या दिवशी ताजा तुटलेला. आता तो मळलाय, पण ओळखू येतो. उरलेला अर्धा काळा-तांबडा आहे, आत खोलवर गंज. ती चीर आपण दोघे भेटायच्या आधीची असेल, त्या टेलरच्या पायाखाली असल्यापासूनची. हे मी तुला समजावत नाही. तुला ते माझ्यापेक्षा लवकर दिसेल. माझा शब्द तू मानू नयेस, म्हणून तुकडा पाठवतोय.

याने काही होणार नाही, मला माहीत आहे. वहिनी ऐकायला नाहीत. त्यांना ज्याची वाट होती ते त्या गेल्यावर महिन्याने येतंय. तू हे वाचून उद्या कोळसा पेटवशील असंही मला वाटत नाही. दोन वर्षं माणूस स्वतःला दोषी धरून झोपतो तेव्हा तो दोष त्याच्या अंगात मुरतो, कागदाने निघत नाही. माझा कान येणार नाही, शेड राहणार नाही. सोळा सांगाडे भंगारात जातील आणि कुणीतरी ते टेम्पोत मावावेत म्हणून घणाने फोडेल. तेव्हा मी तिथे नसेन असं बघतो. मला ऐकू येणार नाही, तरी.

माफी मागायला मी हे लिहिलेलं नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि मग वहिनींचे ते दोन वर्षांचे दिवस कुणाच्या नावावर राहतील? ते माझ्या नावावर राहू देत.

एकच गोष्ट मागतो. फोन करू नकोस. तुझ्या मनात येईल ते सगळं तू बोलशील, तुला तो हक्क आहे, पण मला ते ऐकू येणार नाही आणि सवयीने माझ्या तोंडून हो निघेल. तू विचारशील, तेव्हाच का नाही सांगितलंस, मी म्हणेन हो. तू म्हणशील, पुन्हा तोंड दाखवू नकोस, मी म्हणेन हो. न ऐकता होकार द्यायचं मला आता बंद करायचंय. जे म्हणायचं ते लिहून पाठव. शिव्या असतील तर शिव्या, एक ओळ असेल तर एक ओळ. आणि काहीच आलं नाही, तर मीही घरात रोज विचारीन, महाडकडून काय आलं का. वहिनींनी विचारलं तितके दिवस तरी.

ज्याने 'बोलतंय' म्हटलं, तो
सुलेमान